शेकडा पांच

घर बांधावयास निघालेल्या गृहस्थास विटांचा भाव बाजारांत कळतो, लांकूड वखारींत पाहून घेतां येतें, आणि गवंड्याची रोजमजुरी आळींतला कोणीहि सांगतो. परंतु ज्याच्या कल्पनेंतून तें घर प्रथम कागदावर उतरतें त्या वास्तुशिल्पज्ञाच्या, म्हणजे व्यवहारांत ज्यास सर्व जण आर्किटेक्ट म्हणतात त्याच्या, श्रमांचा भाव कोणत्या तराजूंत तोलावयाचा? या साध्या प्रश्नानें इंग्लंडांत दोनशें वर्षें धनी आणि शिल्पज्ञ यांना एकमेकांविषयीं साशंक ठेविलें.

जुनी रीत पगाराची होती. लंडन शहर १६६६ च्या आगींत भस्म झाल्यावर सेंट पॉलचें मंदिर नव्यानें उभारण्याचें काम सर ख्रिस्तोफर रेन याजकडे आलें. पायाभरणी १६७५ सालीं झाली आणि त्याचें वेतन ठरलें वर्षास २०० पौंड. काम रेंगाळत आहे असें पाहून पार्लमेंटानें १६९७ सालीं कायदा केला, आणि मंदिर पुरें होईपर्यंत त्यांतलाहि अर्धा पगार अडकवून ठेविला. ती थकबाकी हातीं येण्यास १७११ साल उजाडावें लागलें. रेन तेव्हां ऐंशीच्या घरांत होता. मार्लबरोची डचेस आपल्या महालाच्या खर्चानें वैतागली, कीं एवढ्याशा पगारावर टोपलींत बसून उंच ओढून घेणाऱ्या या रेनचाच दाखला देई. दुसऱ्याच्या स्वस्त नोकराचें कौतुक कोणाला नसतें!

अठराव्या शतकांत दुसरी रीत रूढ झाली. इमारतीस जो खर्च येईल त्यावर शेकडा पांच. हिशेब सोपा. कल्पनेची किंमत ठरविण्याची पंचाईत नाहीं. झालेलें काम मोजलें कीं मोबदला आपोआप निघतो. पण शेकडेवारी म्हटली कीं धन्यास अडत्या आठवतो, आणि तें अगदींच गैर नव्हे. खर्च वाढेल तसतसा ज्याचा लाभ वाढतो, त्यानेंच खर्चास आळा घालावा ही अपेक्षा मनुष्यस्वभावास थोडी जडच आहे. त्यांतच कित्येक जण नकाशेहि काढीत आणि ठेकाहि घेत. हीं दोन कामें एका हातीं असूं नयेत, असें जॉन सोन यानें १७८८ सालीं आपल्या ग्रंथांत स्पष्ट बजाविलें.

या वादाची खरी परीक्षा पार्लमेंटाच्याच इमारतीवर झाली. जुनें वेस्टमिन्स्टर १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं जळालें. नव्या नकाशांसाठीं झालेल्या स्पर्धेंत ९७ जण उतरले आणि १८३६ सालीं चार्ल्स बॅरी यशस्वी झाला. खर्चाचा अंदाज सुमारें सात लाख पौंडांचा होता. रूढीप्रमाणें बॅरीस पस्तीस हजारांच्या वर मिळावयाचे. परंतु सरकारनें १८३९ सालीं एकरकमी २५ हजार देऊं केले. एवढ्या मोठ्या कामांत तेच तेच नमुने पुन्हां पुन्हां यावयाचे, तेव्हां श्रम त्या मानानें कमीच, अशी सरकारची समजूत. बॅरीनें कुरकुरत तें मान्य केलें. हातचें काम सोडण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं, आणि तेथेंच तो फसला.

कारण इमारत ठरल्याप्रमाणें झालीच नाहीं. सहा वर्षांचें काम पंचवीस वर्षांवर गेलें. १८४१ सालीं पाथरवटांनीं संप केला. वायुवीजनासाठीं नेमलेल्या डॉ. रीड यांच्याशीं बॅरीचें इतकें बिनसलें कीं दोघांमधील व्यवहार कामापेक्षां भांडणाचाच अधिक झाला. १८५० सालीं सभासद नव्या दिवाणखान्यांत बसून पाहतात तों भाषणें नीट ऐकूं येईनात. तेव्हां तयार झालेलें छत खालीं घ्यावें लागलें. हे सर्व फेरफार कागदावर कोणी उतरावयाचे? बॅरीनेंच, आणि तेहि त्याच २५ हजारांत. (त्याचा सहकारी प्यूजिन, ज्याच्या हातची नक्षी आज तेथें लोक डोळे भरून पाहतात, त्यास लांकडी कोरीवकामाच्या देखरेखीबद्दल वर्षास अवघे २०० पौंड मिळत.)

खर्च वीस लाखांच्या वर गेला. बॅरी शेकडा पांच मागूं लागला. सरकार म्हणे, अंदाज तुझाच चुकला, त्याचें बक्षीस तुलाच कसें द्यावें? दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें. मात्र बदल मागणाऱ्यानेंच बदलाचे श्रम फुकट मागावे, यांत सरकारची बाजू लंगडी पडते. अखेर १८५६ सालीं खजिन्यानें शेकडा तीन, आणि मोजणीबद्दल आणखी एक, असा निवाडा परस्पर करून टाकला. १८६० सालीं बॅरी वारला. राहिलेलें काम त्याचा मुलगा एडवर्ड यानें पुरें केलें.

पुढें दोनच वर्षांनीं, १८६२ सालीं, इंग्लंडांतील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेनें शेकडा पांचाचें दरपत्रक छापून काढलें. १९१९ सालीं तें शेकडा सहावर गेलें. १९८२ पासून त्याचें बंधन उरलें नाहीं. मुंबईंत सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं १९१७ सालीं जें मंडळ काढलें, त्यांतूनच १९२९ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था झाली. आणि १९७२ च्या कायद्यानें देशभर वास्तुशिल्पज्ञांची नोंदणी सुरू झाली. आतां मोबदला बहुधा टप्प्याटप्प्यानें घेतात: कांहीं कच्चा नकाशा पसंत पडल्यावर, कांहीं पक्के नकाशे झाल्यावर, आणि उरलेला बांधकाम चढत जाईल तसतसा. पसंत केलेला नकाशा धन्यानें मागाहून बदलावयास लावला, तर त्याचे पैसे निराळे, हेंहि आरंभींच करारांत लिहून घेतात.