इंग्लंडमधील प्रिपरेटरी शाळा आणि प्रमाण उच्चार : पित्याच्या एका निवडीचा इतिहास

१

इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ ही संस्था नावाने सार्वजनिक असली तरी वस्तुतः खाजगी आहे, हे येथील अभ्यासकांना सांगावयास नको. तिच्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले आहे. तथापि ज्या लहान शाळांतून मुलगा तेथवर पोचत असे, त्या प्रिपरेटरी शाळांचा विचार भाषेच्या अंगाने त्या मानाने कमी झाला. सातव्या-आठव्या वर्षी घर सोडून तेराव्या वर्षापर्यंत मुलाने जेथे राहावयाचे, ती शाळा निवडणे हा सुस्थित इंग्रज पित्याच्या दृष्टीने मोठाच निर्णय असे. शाळा निवडताना हा पिता मुलाची वाणीही निवडीत होता, आणि आज ज्यास आपण इंग्रजीचा प्रमाण उच्चार म्हणतो त्याच्या घडणीत या निवडीचा वाटा लक्षणीय आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

२

मुलगा घरी शिकवावा की शाळेत पाठवावा, हा वाद इंग्लंडमध्ये जुना आहे. जॉन लॉकने १६९३ साली प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात आपला कौल घरच्या शिक्षकाच्या बाजूने दिला होता. हा ग्रंथ मूळचा एका मित्राला त्याच्या मुलाच्या संगोपनाविषयी लिहिलेल्या पत्रांतून तयार झाला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. प्रश्न तत्त्वचर्चेचा नसून एका बापाचा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पित्यापुढे दोन मार्ग असत. एखाद्या धर्मोपदेशकाच्या घरी चार-सहा मुलांबरोबर लॅटिन शिकण्यास मुलगा ठेवावा, किंवा त्यास लहानपणीच मोठ्या शाळेत, अठरा वर्षांच्या दांडग्या मुलांच्या संगतीत घालावे. रग्बी येथील मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड (कारकीर्द १८२८ ते १८४२) यांना अगदी लहान मुले मोठ्या शाळेत असणे पसंत नव्हते. हे मत जसजसे रूढ झाले, तसतशी लहान मुलांच्या स्वतंत्र शाळांची गरज निर्माण झाली. केवळ याच हेतूने निघालेल्या शाळांत १८३७ साली आइल ऑफ वाइट येथे चार्ल्स माल्डेन या नौदलातील अधिकाऱ्याने काढलेली विंडलशॅम हाउस ही शाळा पहिली मानली जाते. ऑक्सफर्ड येथे १८६४ साली समर फील्ड्स व १८७७ साली ड्रॅगन या शाळा निघाल्या. दुसरी तर तेथील विद्यापीठीय अध्यापकांनी स्वतःच्याच मुलांसाठी काढली होती. आगगाडीने अंतर तोडले होते, आणि व्यापारात व सरकारी नोकरीत पैसा व प्रतिष्ठा मिळविलेला वर्ग वाढत होता. शाळा इतक्या झाल्या की पित्यास सल्ला देणाऱ्या पेढ्या लंडनमध्ये निघाल्या. गॅबिटास या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या पेढीची स्थापना १८७३ ची आहे. १८९२ साली या शाळांच्या मुख्याध्यापकांचा संघ स्थापन झाला. लहान मुलांच्या क्रिकेटसाठी चेंडू केवढा असावा, या वादातून ते प्रथम एकत्र आले. १९०४ साली पब्लिक स्कूलमधील प्रवेशासाठी समाईक परीक्षा सुरू झाली, आणि ही व्यवस्था पूर्ण झाली.

३

प्रकटपणे पिता जी भाषा विकत घेत होता ती लॅटिन. पब्लिक स्कूलचा प्रवेश व शिष्यवृत्ती, पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिज, या साऱ्यांची किल्ली लॅटिन व ग्रीकच होती. आपल्याकडे ‘रामः रामौ रामाः’ घोकून संस्कृतात पाऊल टाकावे, तसे तेथे ‘मेन्सा’ या शब्दाची रूपे घोकून लॅटिनचा आरंभ होई. विन्स्टन चर्चिल यांस १८८२ साली, आठ वर्षेही पुरी झाली नसता, अशा एका शाळेत ठेवण्यात आले. त्याच दिवशी हा शब्द पाठ करावयास सांगण्यात आल्याची आठवण त्यांनी १९३० मधील आत्मचरित्रात नोंदविली आहे. ‘मेन्सा’ म्हणजे टेबल. मग ‘हे टेबला’ असे कशासाठी म्हणावयाचे, या त्यांच्या प्रश्नास मास्तरांनी टेबलाशी बोलताना असे उत्तर दिले. आपण टेबलाशी कधीच बोलत नाही, असे मुलाने म्हणताच शिक्षेची धमकी मिळाली. संबोधन विभक्तीविषयी मुलाची शंका अगदी रास्त होती. परंतु या शाळांत रूप यावे लागे, त्याचा अर्थ विचारणे अभ्यासक्रमात नव्हते.

४

लॅटिनची ही सक्ती पुढे ओसरली. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांनी १९६० च्या सुमारास प्रवेशासाठीची लॅटिनची अट काढून टाकली. अप्रकटपणे मिळविलेली वस्तू मात्र टिकली. ती म्हणजे उच्चार.

याबाबत कालक्रम उद्बोधक आहे. रॉबर्ट पील (जन्म १७८८) हॅरोचे, ग्लॅडस्टन (जन्म १८०९) ईटनचे. उभयतांच्या बोलण्यात लँकेशायरची छटा अखेरपर्यंत होती, आणि पंतप्रधानपदाच्या आड ती आली नाही. अर्थात केवळ पब्लिक स्कूलमध्ये जाण्याने त्या काळी प्रांतिक बोली पुसली जात नसे. अलेक्झांडर एलिस याने १८६९ मध्ये ‘रिसीव्हड प्रोनन्सिएशन’ ही संज्ञा वापरली. १९१७ साली डॅनिअल जोन्सने आपला उच्चारकोश रचला तेव्हा त्याने त्यातील उच्चारांस सरळ ‘पब्लिक स्कूल उच्चार’ असे नाव दिले. ज्या दाक्षिणात्य इंग्रज कुटुंबांतील पुरुष मोठ्या निवासी शाळांत शिकले आहेत, त्यांचे नित्याचे बोलणे, अशी त्याची व्याख्या होती. १९२६ च्या आवृत्तीत त्याने एलिसची संज्ञा स्वीकारली. नाव बदलले, वस्तू तीच राहिली.

ग्लॅडस्टन व जोन्स यांच्यामधल्या काळात काय बदलले? प्रस्तुत लेखकाच्या मते प्रिपरेटरी शाळांचे जाळे पसरले, हे याचे एक प्रमुख कारण होय. तेराव्या वर्षानंतर मुलाच्या मूळ बोलीचे उच्चार सहसा पुरते बदलत नाहीत. आठव्या वर्षी ते बदलतात, आणि तेही सोबत्यांच्या अनुकरणाने. मास्तरांच्या दुरुस्तीहून शयनगृहातील एका हास्याने अधिक काम होत असावे. अर्थात हा नियम निरपवाद नाही. आपल्या परिचयाचे लॉर्ड कर्झन विक्सेनफर्ड या प्रिपरेटरी शाळेत व नंतर ईटनला शिकले. तरी ‘ग्रास’ सारख्या शब्दांतील त्यांचा ऱ्हस्व स्वर उत्तरेकडचाच राहिला.

५

या निवडीची किंमत स्पष्ट दिसते ती हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबांत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर प्रवास सुकर झाला, आणि मुलास लवकर ‘घरी’ धाडण्याची रीत पक्की झाली. हवामान व रोगराई ही कारणे सांगितली जात, व ती खोटी नव्हती. परंतु येथे वाढलेल्या मुलाच्या उच्चारांस ‘ची-ची’ म्हणून हिणवले जाई. हा शब्द १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशातही आला आहे. ती भीती वडीलधाऱ्यांच्या मनात होतीच.

रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील कलाशाळेत अध्यापक होते. तो आया व नोकर यांच्या भाषेत विचार करी आणि स्वप्ने पाही. आईबापांपुढे जाताना ‘आता इंग्रजीत बोला’ अशी त्यास आठवण द्यावी लागे. १८७१ साली, सहावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, त्यास व धाकट्या बहिणीस साउथसी येथे परक्या घरी ठेवून आईबाप परतले. तेथील सुमारे सहा वर्षे अत्यंत दुःखाची गेली, असे त्याने पुढे लिहिले आहे. हे घर प्रिपरेटरी शाळा नव्हते. पण पित्याचा हिशेब तोच होता. मूल आईबापांना दुरावले तरी चालेल, पण त्याची वाणी परकी होता कामा नये.

६

एवंच, ज्यास आपल्या विद्यापीठांतून अनेक दशके ‘शुद्ध’ इंग्रजी उच्चार म्हणून शिकविले गेले, तो कोणत्याही प्रदेशाचा स्वाभाविक उच्चार नव्हता. घरापासून तोडलेल्या लहान मुलांनी एकमेकांच्या धाकाने तो घटविला होता. जोन्सच्या कोशाशी आपले उच्चार ताडून पाहताना ओशाळलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना हे कोणी सांगितले नाही.

आज आपल्याकडेही मुलासाठी शाळा निवडताना माध्यमाचा, शिस्तीचा, निकालाचा विचार होतो. मुलाच्या घरच्या बोलीचे तेथे काय होईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रमाणभाषेची आवश्यकता कोणी नाकारीत नाही. परंतु ती घरच्या बोलीत भर घालून द्यावयाची की ती बोली पुसून, हा विवेक शाळेने न केल्यास पालकाने करावयाचा आहे.