स्लॉट कारची मोटर बदलण्याआधी काय तपासावे?

ट्रॅकच्या खाचेत धावणारी स्लॉट कार अडखळू लागली की पहिला संशय मोटरवर जातो. पण अनेकदा दोष कारखालच्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांत असतो. याच पट्ट्या ट्रॅकमधून वीज घेतात. त्यांवर धूळ बसली की पुरवठा तुटतो. आधी त्या पुसा. तरीही कार चालली नाही, तर ९ व्होल्टची बॅटरी थेट मोटरला जोडा. मोटर जोरात फिरली, तर दोष बहुधा वायरींत आहे. फिरलीच नाही, तर ती बदला.

साध्या खेळण्यातली मोटर तशीच दिसते, पण ती बहुधा ३ व्होल्टची असते; १२ व्होल्टच्या ट्रॅकवर लवकर जळते. म्हणून व्होल्ट बघूनच घ्या. नवी मोटर लावल्यावर कार मागे धावली, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा.