प्रोस्टेट कर्करोग : किरणांच्या आखणीचा इतिहास

उल्हासनगर कॅम्प ४ मधून परळला किरणोपचारासाठी जायचे, तर आठवड्यातून पाच दिवस विठ्ठलवाडीहून लोकल गाठावी लागते. यंत्राखाली मात्र मोजकीच मिनिटे. त्या मिनिटांमागची आखणी घडायला अनेक दशके लागली.

प्रोस्टेटच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. जुन्या पद्धतीत साध्या क्ष-किरण चित्रातील हाडांवरून तिची जागा ताडत आणि पुढून, मागून व दोन्ही कुशींकडून असे चार चौकोनी झोत सोडत. ग्रंथी दिसतच नसे! म्हणून क्षेत्र ऐसपैस घ्यावे लागे आणि गुदाशयाच्या धास्तीने मात्रा हात राखून द्यावी लागे. सीटी स्कॅनमुळे त्रिमितीय आखणी आली. मग झोताची तीव्रता जागोजागी बदलणारी आयएमआरटी. तेच काम यंत्राच्या एका फेरीत साधणारी पद्धत कार्ल ऑटो यांनी २००८ मध्ये मांडली.

तरी जुना वाद उरलाच : किरण केवळ प्रोस्टेटवर द्यावेत, की ओटीपोटातील लिम्फ नोड्सवरही?

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात अधिक जोखमीचे २२४ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. दोन्ही गटांत २५ बैठकांत प्रोस्टेटला ६८ ग्रे. एका गटात लिम्फ नोड्सना ५० ग्रेही. डॉ. वेदांग मूर्ती व सहकाऱ्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण विस्तृत क्षेत्राच्या गटात ९५ टक्के, दुसऱ्यात ८१. हा आकडा सगळे सांगतात. त्याच गटात मूत्रमार्गाचे उशिरा उद्भवणारे त्रास अधिक होते, आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नव्हता, हे फारसे कोणी सांगत नाही.