शिळ्या भाताला ऊत

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. इतिहासाशी माझं नातं दहावीच्या परीक्षेबरोबर संपलं, आणि स्वयंपाकाशी ते कधी जुळलंच नव्हतं. तरीही आज मी फ्राइड राइसचा इतिहास लिहायला बसलो आहे. याचा सगळा दोष आमच्या कन्येच्या बाराव्या वाढदिवसाकडे जातो.

वाढदिवसाला काय करायचं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, गाड्यावर मिळतो तस्सा फ्राइड राइस घरी करायचा. आणि तो तुम्ही करायचा." हे शेवटचं वाक्य तिला कोणी शिकवलं याचा तपास मी केला नाही. आमची ही त्या वेळी भिंतीकडे तोंड करून गवार निवडत होती आणि तिचे खांदे हलत होते.

वाढदिवसाला तीन आठवडे अवकाश होता. म्हटलं, रंगीत तालीम करावी. रविवारी सकाळी मी वाफाळता ताजा भात लावला, तोही इंद्रायणीचा. इंद्रायणी हे आंबेमोहोराचं लेकरू. वास घरभर, आणि शितं अशी मऊ, चिकट की एकमेकांना सोडायला तयार नाहीत. सहकारी संस्थेचे संचालक वार्षिक सभेत जसे एकमेकांना धरून बसतात, तशी ती कढईत बसली. मी सोया सॉस ओतला, झाऱ्याने ढवळलं, पुन्हा ओतला. अखेर कढईत जे तयार झालं, त्याला आमच्या बँकेच्या भाषेत अनुत्पादक कर्ज म्हणतात. वसुलीची आशा शून्य.

आईने एक घास खाल्ला आणि अतिशय मायेने विचारलं, "खिचडी बरी झालीय रे. पण काळी का केलीस?"

हिशेब जुळला नाही की मागच्या वह्या काढायच्या, ही आमची कारकुनी सवय. फ्राइड राइस जुळला नाही, तेव्हा मी त्याच्याही मागच्या वह्या काढल्या. काढता काढता इतका मागे गेलो की कन्येचा वाढदिवस विसरायची वेळ आली.

पहिला शोध असा लागला की चीन आमच्या घरात केव्हाच शिरलेला आहे. आईचं लिंबाचं लोणचं चिनीमातीच्या बरणीत मुरतंय. मसाल्याच्या डब्यात दालचिनी आहे. हा शब्द फारसीतल्या 'दारचिनी'वरून आला, म्हणजे चीनचं लाकूड. इसवीसनाच्या सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. यावरून तो इथे बरेच दिवस राहिला असावा आणि निदान एका घरात तरी भाड्याने राहिला असावा, असं माझं स्वतःचं मत आहे.

दुसरा शोध तर आमच्या सातारा जिल्ह्यातलाच निघाला. महाबळेश्वरला चायनामन नावाचा धबधबा आहे. शाळेच्या सहलीत मी तो पाहिला होता, पण नाव असं का, हे गुरुजींना विचारायचं धैर्य झालं नव्हतं. त्याचं उत्तर असं. इंग्रजांनी १८२८-२९ च्या सुमाराला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा अदलाबदलीने घेतली आणि तिथे हवा खायची सोय केली. पुढे १८३० च्या दशकात तिथे तुरुंग झाला. त्यात मलाक्का-सिंगापूरकडच्या वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले. हे कैदी भाजीपाला आणि बटाटे पिकवीत, वेताचं काम करीत. साहेबलोकांच्या ताटातली भाजी त्यांच्या मळ्यातून जाई. १८६० च्या दशकात तो तुरुंग बंद झाला. कैदी गेले, मळे गेले, नाव धबधब्याला चिकटून राहिलं.

याचा अर्थ लक्षात घ्या. आमच्या जिल्ह्यातला पहिला चिनी माणूस हॉटेल टाकायला आलेला नव्हता. तो बेड्या घालून आला होता. हजारो मैलांवरचं घर सुटलेला तो माणूस संध्याकाळी सह्याद्रीच्या धुक्यात बसून काय जेवत असेल? तुरुंगातला भात उरत असेल का, आणि उरलाच तर सकाळी तो परतायला त्याला कोणी कढई देत असेल का? गॅझेटियरवाल्या साहेबांनी बटाट्याची नोंद केली. ही नोंद करायचं त्यांना सुचलं नाही.

आज आपण ज्याला 'चायनीज' म्हणतो, ते मात्र महाबळेश्वरच्या घाटाने आलं नाही. ते कलकत्त्याहून आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग अच्यू नावाचा एक चिनी गृहस्थ वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून कलकत्त्याजवळ स्थायिक झाला. त्याच्या नावाने ते गाव आजही अचीपूर म्हणून ओळखलं जातं. त्याने तिथे काय काढावं? साखरेचा कारखाना! म्हणजे भारतात वस्ती करणारा हा आद्य चिनी माणूस आमच्या सांगलीचा जावई शोभला असता. तो दीडशे वर्षं उशिरा आला असता, तर कारखान्याच्या निवडणुकीत निदान एका पॅनेलमध्ये त्याचं नाव नक्की असतं.

त्याच्यामागून सुतार आले, चांभार आले, दंतवैद्य आले, आणि टांगऱ्यात हक्का चिन्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. त्यांनी आपल्या जेवणात बंगाल्यांची मिरची घेतली, आपला सोया सॉस बंगाल्यांना दिला, आणि दोघांना मिळून एक तिसरंच जेवण झालं.

मग १९६२ उजाडलं. चीनने आक्रमण केलं. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं सगळा महाराष्ट्र म्हणू लागला. यशवंतरावांचं जन्मगाव देवराष्ट्रे. ते पूर्वी सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे यशवंतराव आपले, असं दोन्ही जिल्हे म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. साताऱ्यात वाढलेला आणि सांगलीत बदली झालेला मी या वादात तोंड उघडत नाही.

पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट घडली. ती आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हती. इथेच जन्मलेल्या, इथल्याच शाळांत शिकलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. म्हातारी माणसं, बायका, पोरंसोरं. काही जण चार-पाच वर्षं तिथे होते. सुटल्यावर कित्येकांची घरंदारं गेलेली होती. पुष्कळजण देश सोडून गेले. राहिले त्यांनी पुन्हा कढई चुलीवर ठेवली.

कलकत्त्यात जन्मलेला अशांपैकीच एका समाजातला नेल्सन वांग १९७० च्या दशकात मुंबईला आला. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात कोणा गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्याने आलं, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी केली, तीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं, आणि तळलेल्या कोंबडीला 'मंच्युरियन' हे नाव दिलं, अशी हकिकत सांगतात. मंचुरिया हा चीनचा ईशान्य भाग. तिथल्या माणसाला आपलं कोबीचं मंच्युरियन दाखवलं, तर तो ते कोणत्या देशाचं आहे असं नम्रपणे विचारील. 'शेजवान'ची तीच कथा. मूळ सेच्वान प्रांत. तिथलं तोंड बधिर करणारं मिरं हे आपल्या कोकणातल्या तिरफळाचं सख्खं चुलत भावंड. पण गाड्यावरच्या शेजवान चटणीत ते औषधालाही नसतं. सुकी लाल मिरची आणि लसूण! ही आपली लसणाची चटणीच. नुसती पासपोर्ट काढून आलेली. अजिनोमोटो तर चिनीसुद्धा नाही. टोकियोच्या प्राध्यापक इकेदांनी १९०८ मध्ये समुद्रातल्या शेवाळाच्या कढणातून त्या चवीचं मूळ शोधलं, आणि नावाचा अर्थही 'चवीचं मूळ' असाच आहे.

आमच्या साताऱ्यात हे सगळं माझ्या कॉलेजच्या दिवसांत, १९९० च्या दशकाच्या अखेरीस गाड्यावरून आलं. लाल रंगाचा गाडा, त्यावर ड्रॅगन. ड्रॅगन काढणारा पेंटर एरवी नागपंचमीचे नाग रंगवत असावा, कारण ड्रॅगनच्या फण्यावर दहाचा आकडा होता.

एवढा इतिहास वाचून झाला, तरी माझा भात मोकळा होईना. दुसऱ्या रविवारी कोलम घेतला. भात मोकळा झाला, पण कढईत पडताच त्याला पाणी सुटलं. शेवटी विद्या गुरूकडूनच घ्यावी म्हणून आमच्या काउंटरवर रोज चिल्लर भरायला येणाऱ्या एका गाडेवाल्याला मी धरलं. नाणी मोजता मोजता तो म्हणाला, "साहेब, तुम्ही ताजा भात घेताय, तिथंच चुकतंय. भात कालचा लागतो."

"म्हणजे शिळा?"

"शिळा नाही म्हणायचं, साहेब. रेस्ट दिलेला म्हणायचं."

मग त्याने नाण्यांच्या साक्षीने मला सगळं शास्त्र सांगितलं. भात थोडा कच्चट शिजवायचा, ताटात पसरून लगेच निववायचा, आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. ओट्यावर नाही, तिथे तो आंबतो. थंडीत शीत घट्ट होतं, वरचा ओलावा सुकतो. कढई लोखंडाची, धूर येईपर्यंत तापलेली. गाड्याची शेगडी भडकते तशी घरची शेगडी भडकत नाही, म्हणून एका वेळी दोन माणसांपुरताच भात घ्यायचा. आधी लसूण, मग गाजर-फरसबी, मग कोबी-ढोबळी, मग भात. मीठ, मिरपूड, चमचाभर सोया सॉस कढईच्या कडेने, शेवटी कांद्याची पात. पाच मिनिटांत खाली.

घरी जाऊन मी हुकूम सोडला की आज रात्री भात जास्त लावा आणि ठेवून द्या. सकाळी फ्रीज उघडला, तर पातेलं धुऊन पालथं घातलेलं. दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवला. सकाळी पुन्हा पातेलं पालथं. रोकड रोज कमी भरावी आणि तिजोरीचं कुलूप शाबूत असावं, असा प्रकार. तिसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला उठून पाळत ठेवली.

स्वयंपाकघरात दिवा न लावता आई बसली होती. पुढ्यात पातेलं, त्यात ताक कालवलेला कालचा भात, शेजारी मिठाचा खडा.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? शिळं उरलं होतं. तुम्हा लोकांना का वाढू?"

"मग रोज तूच खातेस?"

"रोज कुठे उरतो?" ती म्हणाली. "आणि भात काय टाकून द्यायची चीज आहे?"

आईचं माहेर आटपाडीचं. तो माणदेशाचा मुलूख. ज्वारी-बाजरीचा, भात सणाला. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन तिने ते वर्ष काढलं. लग्न होऊन साताऱ्यात आली, तिथे रोज भात शिजताना बघून तिला पहिले काही दिवस रोजच सण वाटायचा. हे मला माहीत होतं. आमच्या लहानपणी पातेलंभर भात उरला तर सकाळी हळद-मोहरीची फोडणी बसायची आणि आम्ही भावंडं त्यावर तुटून पडायचो, हेही आठवत होतं. वाटीभर उरला तर तो कुठे जायचा, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशापैशाचा हिशेब ठेवला. घरातली ही नोंद चाळीस वर्षं वहीत चढलीच नव्हती.

मी काही बोललो नाही. आमच्या घरात असं काही बोलायची पद्धत नाही. फक्त म्हणालो, "उद्याच्या भाताला हात लावू नकोस. पोरीच्या वाढदिवसाचा आहे."

वाढदिवसाला कढई तापली. आई स्टूल घेऊन ओट्याशी बसली. लसूण पडला, भाज्या पडल्या, रात्रभर रेस्ट घेतलेला भात पडला आणि सुटा, खणखणीत नाचायला लागला. आई पुढे वाकून बघत होती.

"अरे," ती म्हणाली, "हा तर फोडणीचा भात! हळद विसरलास."

कन्या हसत सुटली. पहिलं ताट मी आईपुढे ठेवलं, कढईतून थेट, चटके बसतील इतकं गरम. ती आधी नको नको म्हणाली, "पोरांना वाढ" म्हणाली; मग नातीने डोळे वटारल्यावर मुकाट्याने घास घेतला. दोन घास झाले, चार झाले. "बरा झालाय," ती म्हणाली. आमच्या घरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक आजवर कोणाला मिळालेलं नाही.

रात्री झाकपाक करताना मी सहज फ्रीज उघडला. एका वाटीवर बशी झाकलेली होती. बशी उचलून पाहिली. फ्राइड राइस होता. तिच्या ताटातला निम्मा, न उष्टावता आधीच बाजूला काढलेला.

मी बशी पुन्हा झाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो, ती वाटी काढली, दोन चमचे घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन आईची वाट पाहत बसलो. शिळा फ्राइड राइस ताक घालून कसा लागतो, हे मात्र मी लिहिणार नाही. चिनी राजदूताच्या कानावर गेलं तर पुन्हा यशवंतराव कुठून आणायचे?