लॉकडाऊन आणि मधुमेह : तेव्हा काय घडलं, आज काय लक्षात ठेवायचं

"डॉक्टर, लॉकडाऊनपर्यंत माझी शुगर एकदम नॉर्मल होती हो!" पनवेलच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य अजूनही ऐकू येतं. तुमच्या घरातही कुणी असं म्हणत असेल. म्हणून त्या काळात मधुमेहींचं नेमकं काय झालं, ते एकदा क्रमाने पाहू.

लोकल थांबली, गोळ्याही थांबल्या

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. औषधांची दुकानं उघडी होती. मग अडचण कुठे आली? आपल्याकडचे अनेक रुग्ण हार्बर लोकलने मुंबईच्या सरकारी रुग्णालयात जाऊन महिन्याच्या गोळ्या आणायचे. ती वाट बंद झाली. हाताला काम नव्हतं, त्यामुळे विकतची औषधं पुरवून वापरताना कुणी दोन गोळ्यांची एक केली, कुणी इन्शुलिनचे युनिट परस्पर कमी केले.

त्यात सकाळचं फिरणं बंद, ताटात भाजी कमी आणि भात-बटाटा जास्त, शिवाय आंब्याचा हंगाम. काळजीने झोप उडालेली. ताणामुळे शरीरात कॉर्टिसोल वाढतं आणि त्यानेही साखर चढते.

फोनवर पाय दिसत नाही

२५ मार्चलाच केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. फोनवर सल्ला देणं आणि चालू गोळ्या पुढे लिहून देणं सोपं झालं. मीही तेच करत होतो. एका काकांची शुगर दोन महिने फोनवरच पाहिली, पण "पायाला जखम आहे का?" हे एकदाही विचारलं नाही. मधुमेहाने पाय बधिर झाल्यामुळे त्यांनाही काही जाणवलं नाही. ते आले तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला. ही चूक माझी होती. तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न पायाचाच असतो.

चक्रीवादळ आणि इन्शुलिन

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. जिल्ह्यातली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. फ्रीज बंद, मग इन्शुलिनचं काय? वापरात असलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. जादा बाटल्या मात्र २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. वीज नसेल तर डब्यात घट्ट बंद करून पाण्याच्या मडक्यात ठेवा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, कारण गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं.

दुसरी लाट आणि काळी बुरशी

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने घाबरवलं. जून २०२० मध्ये डेक्सामिथासोनचा फायदा सिद्ध झाला होता, पण तो ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना. स्टेरॉइड गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतलं की साखर भडकते, आणि वाढलेल्या साखरेत संरक्षक पेशी ढिल्या पडून बुरशीला मोकळं रान मिळतं. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेही १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. हा कायदा मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा!

यातून आपण काय शिकायचं?

- घरात किमान पंधरा दिवसांची औषधं नेहमी जादा ठेवा.
- ग्लुकोमीटर ठेवा आणि आकडे वहीत लिहा.
- रोज रात्री तळपाय आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा.
- ताप आला, जेवण कमी झालं तरी इन्शुलिन स्वतःहून बंद करू नका. आधी शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा.
- शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.
- औषध परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. त्यात लाज कसली?

आणि पहिल्या वाक्याबद्दल. "शुगर नॉर्मल होती" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, "शेवटची कधी तपासली होती?" बऱ्याचदा उत्तर येत नाही. लॉकडाऊनने अनेकांचा मधुमेह बिघडवला, पण अनेकांचा तो आधीपासून होता, फक्त तपासलेला नव्हता. तुमची तीन महिन्यांची सरासरी शुगर शेवटची कधी पाहिली? तारीख आठवत नसेल, तर या आठवड्यातच तपासून घ्या.