आपले प्रयाग चिखली : पाण्याकाठचे गाव

देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघणार, तेव्हा गावाचा थोडा इतिहास तू लिही, असे कमिटीच्या वडीलधाऱ्या मंडळींनी मला सांगितले. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. नोकरीमुळे बिऱ्हाड कोल्हापुरात शाहूपुरीत असले, तरी नाळ गावातच पुरली आहे. म्हणून वडिलांकडून ऐकलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि चार जाणत्यांकडून कळलेले येथे मांडतो. चूकभूल पदरात घ्यावी.

आपले गाव करवीर तालुक्यातले, पन्हाळ्याच्या रस्त्यावर आंबेवाडीपासून आत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा, आणि ती खऱ्या अर्थाने सुरू होते ती आपल्या प्रयागापासून. संगमावर दत्ताचे देऊळ आहे. संक्रांतीपासून महिनाभर पहाटेच्या थंडीत स्नानाला माणसे येतात. आपल्याला त्याचे नवल वाटत नाही, कारण दारचे तीर्थ माणसाला दिसत नाही.

या पाण्याने गावाला काय दिले, ते आधी सांगितले पाहिजे. दरसाल गाळ येऊन बसतो, म्हणून मळीची जमीन कसदार. त्या जमिनीत ऊस, आणि उसामागे गुऱ्हाळ. आमच्या आजोबांच्या काळी दिवाळी झाली की चुलवाण पेटायचे. गुळव्या काहिलीवर नजर ठेवून उभा, पोरे काकवीसाठी भोवती. तयार झालेला गूळ बैलगाडीने जायचा तो शाहूपुरीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसविली. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. स्टेशनाजवळ व्यापारी बसला तर कुणब्याचा गूळ दूर जाईल आणि चार पैसे गावात येतील, असा तो विचार होता. पुढे बाजार मार्केट यार्डात गेला. परंतु शाहूपुरीच्या अडत दुकानांशी आपल्या लोकांची ओळख तीन पिढ्यांची आहे, आणि या देवळाच्या देणगीदारांत तिकडची नावे दिसतात, ती त्या जुन्या ऋणानुबंधाने.

महाराजांच्या कारकिर्दीत खेड्यात आणखीही फरक पडला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. १९१८ साली कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आले. आमच्या कारकुनी जातीची सुरुवात तिथलीच म्हणायची ! १९१९ साली सार्वजनिक पाणवठा, शाळा, दवाखाना येथे शिवाशिव पाळू नये, असा हुकूम निघाला. हुकूम निघाला म्हणून मने लगेच बदलली असे नाही. पण पुराने एक गोष्ट गावाला कितीदा तरी शिकविली आहे. पाणी चढते तेव्हा एकाच नावेत सगळे बसतात, आणि तिथे कोणी कोणाची आळी विचारत नाही.

आता पुराविषयी. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, नद्या भरतात, सगळे पाणी आपल्या दाराशी एकत्र येते. पुढे पंचगंगेला उतार कमी. नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते. रेडेडोह फुटला की पन्हाळ्याचा रस्ता बंद होतो. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. पण ३९ फुटांचा इशारा आला की आपल्या बायामाणसे धान्याची पोती माळ्यावर टाकू लागतात.

१९८९ च्या पुरात मी लहान होतो. वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर पडलो एवढे आठवते. गूळ शिजवायच्या काहिलीत बसून माणसे पाणी ओलांडत होती. त्या पुरानंतर आपल्या गावाला आणि आंबेवाडीला सोनतळीच्या उंच माळावर जागा दिली गेली. सोनतळी म्हणजे महाराजांच्या कॅम्पाचे ठिकाण. काही जण गेले, बरेच राहिले. शेत इथे, गोठा इथे, देव इथे; रोज पहाटे धार काढायला माळावरून कसे उतरावे ?

कागदाचेही सांगतो. आमच्या वडिलांच्या नावचा कागद पुरा व्हायला कैक वर्षे गेली. कोणत्या टेबलावर अडला ते लिहीत नाही. मीही टेबलामागेच बसतो, आणि खेपा घालणारा म्हातारा समोर आला की मला वडील दिसतात. गावातील ज्यांचे कागद अपुरे असतील, त्यांनी रविवारी माझ्याकडे यावे. अर्ज लिहून देणे माझ्या हातचे आहे.

पुढे २००५ साली पाणी आले. ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांवर गेली. नौदल व एनडीआरएफच्या बोटींनी माणसे काढावी लागली, जनावरांचे हाल पाहवत नव्हते. जुलै २०२१ मध्ये तर पाणी ५६ फुटांवर गेले. तेव्हा अनेकांनी सोनतळीचा आसरा घेतला.

म्हणून जीर्णोद्धाराची बैठक झाली, तेव्हा एका तरुणाने सरळ विचारले, "पाण्यात बुडणाऱ्या देवळावर पैसा का घालायचा ? माळावर बांधा." त्याच्यावर काही जण रागावले. मला त्याचा प्रश्न खोटा वाटला नाही. त्याचे घर दोनदा पडले आहे. पण म्हातारी मंडळी म्हणाली, घर माळावर न्या, देव इथेच राहू दे, म्हणजे आपण परत कुठे यायचे ते कळेल. दोघांचेही बरोबर आहे, असे मला वाटते. माणसांनी पावसाळ्यात वेळेवर माळ गाठावा, यात देवाचा अपमान नाही.

माझी कमिटीला एकच विनंती आहे. नवा रंग देताना भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नये. १९८९, २००५, २०१९, २०२१ असे आकडे त्या त्या उंचीवर दगडात कोरावेत. पुढल्या पिढीला इतिहासाचे पुस्तक मिळेल न मिळेल, देवाला हात जोडताना ती रेघ दिसेल, आणि पाणी कुठवर येते हे पोरांना कळेल.

ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी धान्य दिले, आणि ज्यांनी दोन दिवस दगड-माती वाहिली, त्या सर्वांचे गाव ऋणी आहे. पाच नद्यांच्या कुशीतले हे गाव सुखी राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.