दूध कशात तापवायचे? : एका आजाराचा इतिहास आणि संशोधनाचा एक साधा प्रश्न

‘स्वयंपाकाला कोणतं भांडं सुरक्षित?’ या प्रश्नाची हल्ली भरपूर उत्तरं मिळतात. कुणी नॉनस्टिक फेकून द्यायला सांगतं, कुणी लोखंडी तव्याकडे वळायला, कुणी तांब्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला. यातलं पुराव्यावर उभं काय आणि ऐकीव काय, हे ठरवायचं कसं? तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करत असाल, संशोधन आराखडा लिहीत असाल, तर ‘पुरावा’ हा शब्द तुमच्या कानावर रोज पडत असणार. तो प्रत्यक्षात कसा गोळा होतो हे समजून घ्यायला भांड्यांचाच एक इतिहास उपयोगी पडेल. त्यातला मोठा भाग पुण्यात घडलाय.

आजाराचं नाव इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, म्हणजे लहान मुलांच्या यकृताचा एक आजार. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत मोठं आणि दगडासारखं कडक लागायचं, कावीळ व्हायची, आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. १८८७ मध्ये कलकत्त्यात त्याची पहिली वैद्यकीय नोंद झाली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं भारतातल्या बालरोग विभागांमध्ये ही मुलं येत राहिली.

कोडं काय होतं?

या आजाराची लक्षणं जितकी ठळक, तितकं त्याचं सामाजिक रूप विचित्र होतं. तो खेड्यात जास्त, शहरात कमी. खायला-प्यायला बरं असलेल्या मध्यमवर्गीय घरांत बराच दिसायचा, त्यामुळे निव्वळ कुपोषणाचं स्पष्टीकरण लागू पडेना. मुलग्यांत जास्त. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांच्या मुलांत जवळजवळ नाहीच. आणि एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची.

आता तुम्हीच सांगा, एका घरातली भावंडं एकाच आजाराने जातात, तर पहिला संशय कशावर येईल? आनुवंशिकतेवर. तसा तो आलाही. शिवाय विषाणू झाले, आहारातल्या उणिवा झाल्या, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विषही झालं. प्रत्येक कल्पनेला थोडाफार आधार होता, पण कोड्याचे सगळे तुकडे एकीतही बसत नव्हते.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. भावंडांत जनुकं समान असतात तसं स्वयंपाकघरही समान असतं. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यातून उतरणाऱ्या गोष्टींत रक्ताबरोबर दुधाची तपेलीही असते. ‘आजार कुटुंबात आढळतो’ एवढ्या निरीक्षणावरून ‘आजार आनुवंशिक आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

घराला काय माहीत होतं

जुन्या स्वयंपाकघराला धातूचा धोका ठाऊक नव्हता, असं मुळीच नाही. मराठीत त्यासाठी खास क्रियापद आहे: ‘कळकणे’. ताक, आमटी, चिंचेचं सार पितळेच्या किंवा तांब्याच्या उघड्या भांड्यात राहिलं की कळकतं. चव बिघडते, हिरवट डाग धरतो. म्हणून तर कल्हई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावायचं आणि कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचं, की तांबं आणि अन्न यांच्यामध्ये कथिलाचा पातळ थर येतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे रिकामं भांडं चुलीवर तापलं की कल्हई गेलीच. घासून घासूनही ती जाते. मग पुन्हा कल्हईवाल्याची वाट बघायची.

म्हणजे घरातलं हे ज्ञान जिभेवर आणि डोळ्यांवर उभं होतं. आंबट पदार्थ स्वतःच इशारा देतो. ताजं दूध आंबट नसतं, त्यामुळे ते पितळेत ठेवताना सहसा शंका येत नसे. पण दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला पकडून ठेवतं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात दूध तापवलं आणि तसंच ठेवलं की त्यात तांबं उतरतं. पितळ म्हणजे शेवटी तांबं आणि जस्तच.

मोठ्या माणसाचं शरीर जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळात ही यंत्रणा अजून पुरती तयार नसते, आणि जन्मतः त्याच्या यकृतात तांब्याचा साठा आधीच जास्त असतो. आईच्या दुधात तांबं कमी असतं, त्यामुळे निसर्गाचा हिशोब जुळतो. त्याऐवजी पितळेत तापवलेलं गाई-म्हशीचं दूध सुरू झालं की तो हिशोब बिघडू शकतो.

चार शीर्षकं, चार पायऱ्या

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एम. एस. टॅनर यांनी सहकाऱ्यांसह या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या शोधनिबंधांची नुसती शीर्षकं क्रमाने वाचली तरी संशोधन कसं पुढे सरकतं ते दिसतं.

१९७९ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध फक्त एवढंच म्हणतो, की या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण वाढलेलं आहे. कारणाबद्दल शीर्षकात चकार शब्द नाही. १९८३ चा निबंध, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये, तांबं उतरलेलं जनावराचं दूध लवकर सुरू करणं हे आजाराचं ‘संभाव्य’ कारण असल्याचं मांडतो. १९८७ मध्ये आजारी मुलं आणि त्यांच्याशी जोड्या लावलेली निरोगी मुलं यांच्या आहार-इतिहासाची तुलना येते. आणि १९९२ च्या शीर्षकात शब्द आहे ‘प्रतिबंध’: भांडं आणि दूध पाजण्याची पद्धत बदलून आजार टाळता येतो का?

यकृतात तांबं सापडलं म्हणून ताबडतोब ‘पितळ मुलांना मारतं’ असं कुणी लिहिलं नाही. आधी निरीक्षण, मग शक्यता, मग तुलना, शेवटी बदल करून पाहणं. प्रत्येक टप्प्यावर जेवढा पुरावा, तेवढंच विधान. तुमच्या आराखड्यात ‘सिद्ध करणे’ हा शब्द किती वेळा आलाय ते एकदा मोजा.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा बदल होता. मुलाला काय पाजता, हा बालरोगतज्ज्ञाचा नेहमीचा प्रश्न. त्याच्या जोडीला ‘कशात तापवता, कशात ठेवता, कितव्या महिन्यापासून?’ हे विचारलं गेलं, आणि कोड्याचे बरेच तुकडे जुळू लागले. ज्या घरात दुभतं जनावर आहे, पितळेची भांडी आहेत आणि बाळाला वरचं दूध लवकर दिलं जातं, ते घर बहुधा खेड्यातलं आणि बऱ्या परिस्थितीतलंच असणार.

मग प्रश्न मिटला का?

नाही, आणि इथेच तुम्ही सावध राहायला हवं. पहिला आक्षेप असा, की पित्ताचा प्रवाह अडला तरी यकृतात तांबं साठतं. मग तांबं हे आजाराचं कारण की परिणाम? भारतातल्याच काही पॅथॉलॉजिस्टांनी हा मुद्दा लावून धरला. दुसरा आक्षेप स्मरणाचा. ज्या आईचं मूल आजारी आहे ती मागचं सगळं पुन्हा पुन्हा आठवते, निरोगी मुलाच्या आईला तसं आठवायचं कारण नसतं. तिसरा आक्षेप, पितळेत तापवलेलं दूध तर असंख्य मुलं प्यायली. सगळी आजारी का पडली नाहीत?

तिसऱ्या आक्षेपावर प्रकाश पडला तो हजारो मैलांवरून. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या खेड्यांमध्ये अशाच आजाराने १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं दगावल्याचं १९९६ च्या ‘लॅन्सेट’मधल्या एका निबंधाने दाखवलं. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात गाईचं दूध उकळून बाळांना द्यायची पद्धत होती, आणि ती भांडी वापरातून गेली तसा आजार गेला. पण वंशावळी तपासल्यावर तिथे आनुवंशिक कलही दिसला. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या काही गावांत पिण्याच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तरी लहान मुलं यकृताच्या अशा आजाराने मेल्याचं आढळलं नाही. म्हणजे जनुक की तपेली, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला असू शकतो. काही मुलांत दोन्ही एकत्र आल्यावर घात होत असावा.

आज हा आजार भारतात जवळजवळ दिसत नाही. स्टेनलेस स्टील घरोघरी आलं, पितळ माळ्यावर गेलं. पण त्याच काळात इतरही बरंच बदललं, त्यामुळे श्रेय एकट्या भांड्याला देताना हात आखडता घ्यावा लागतो. घरापुरतं बोलायचं तर निर्णय सोपा आहे: बाळाचं दूध स्टीलमध्ये, आंबट काहीही उघड्या तांब्या-पितळेत नाही, आणि कल्हई करायचीच तर शुद्ध कथिलाची, शिशाची भेसळ नसलेली. कारणाबद्दलचा वाद पूर्ण मिटायच्या आधीही सावधगिरी घेता येते. संशोधकाची शंका आणि आईचा निर्णय यांना लागणारा पुरावा सारखा नसतो.

‘कशात?’ हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिकेतल्या सिएटल भागात अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडलं, तेव्हा संशोधकांनी घरातली ॲल्युमिनियमची भांडी तपासली. त्यातल्या बऱ्याच भांड्यांतून शिसं पाझरत असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

जाता जाता, विषय शोधत असाल तर एक सुचवतो. आपल्याकडे लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. दुधाचं भांडं पितळेचं जाऊन स्टीलचं कधी झालं, याची नोंद कोणत्याही दप्तरात सलग मिळणार नाही, पण ती तुमच्या तालुक्यातल्या माळ्यांवर कोरलेली पडली आहे. एका गावातली पन्नास घरं घ्या, भांडी उतरवा, तारखा लिहून काढा, आजीला विचारा की यातल्या कशात दूध तापायचं. आणि तिने दगावलेल्या भावंडांचा विषय काढला, तर वही बाजूला ठेवून आधी ऐका. परवानगी घेऊन लिहायचं ते नंतर.